डोंगरी ते दहा-नऊ-आठ : मुंबईतल्या निराधार मुलांच्या आसऱ्याची पार्श्वभूमी

मुंबईच्या चाळींत एकेकाळी दंगेखोर पोरांना आया धाक घालायच्या, "थांब, डोंगरीला पाठवते तुला!" डोंगरी म्हणजे तिथलं रिमांड होम. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराचाही मुक्काम तिथेच असायचा. आसऱ्याच्या जागेची अशी दहशत का बसली, याचं मूळ बरंच जुनं आहे.

१८५० च्या ॲप्रेंटिस कायद्याने अनाथ आणि गरीब मुलांना कारागिरांच्या हाताखाली ठेवण्याची सोय केली. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा आणि सुधारगृह सुरू झालं. ती शाळा माहीमला आजही आहे. रिकामं पोर उद्या चोर होईल, तेव्हा त्याला हातकाम शिकवा, असा तेव्हाचा विचार. त्यात दया होती, पण संशयही होता.

टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने पुढे आला. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा तिथेच ठेवावं. अशाच एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं आणि डॉक्टर केलं. बाळाच्या जन्माची कहाणी न विचारता त्याला कुशीत घेणं, ही मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. पुढे १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असंच काम उभं केलं आणि १९२० च्या दशकात मुंबईत श्रद्धानंद महिलाश्रमाने अनाथ मुलांना व स्त्रियांना आधार दिला.

१९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी, मानखुर्द इथल्या मुलांच्या संस्थांची नावं तिथून रूढ झाली. पण हरवलेला आणि चोरीच्या आरोपात पकडलेला, दोघांना एकाच कायद्याच्या चौकटीत बसवलेलं होतं. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं वेगळी आणि विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली, मुलं वेगळी, ही आजची स्पष्ट विभागणी २००० च्या बाल न्याय कायद्याने केली. तोवर कितीतरी मुलांच्या कपाळी उगाचच 'रिमांड होमचा पोरगा' हा शिक्का बसला.

सगळी मुलं काही संस्थेच्या दारापर्यंत येत नाहीत. व्हीटीला गाडीतून उतरलेला पोरगा फलाटावरच राहतो, बाटल्या वेचतो, पोलीस दिसला की पळतो. १९६२ मध्ये सुरू झालेल्या स्नेहसदनने अशा मुलांसाठी घरासारखी छोटी घरं उभारली. खरा बदल दिसला तो १९८० नंतर. कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत 'प्रेरणा' या संस्थेने १९८८ साली रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. आईचा धंदा रात्रीचा, खोली एकच. गिऱ्हाईक आलं की पोर खाटेखाली नाहीतर रस्त्यावर. हे पाळणाघर संध्याकाळी उघडायचं. जेवण, अभ्यास, झोप आणि सकाळी शाळा. मुलाला आईपासून कायमचं तोडायचं नाही, पण तिच्या रात्रीपासून वाचवायचं, हा यातला मुद्दा.

१९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन ही संकटातल्या मुलांसाठीची फोन-सेवा सुरू झाली. नंबर १०९८, पोरांच्या तोंडी सहज बसावा म्हणून तो 'दहा-नऊ-आठ' असा सांगितला जाई. फोनला पैसे पडत नव्हते. खिशात नाणं नसलेलं पोर मध्यरात्रीही स्वतः मदत मागू शकत होतं, आणि संस्थेचा कार्यकर्ता ते असेल तिथे जात होता.

२०२३ पासून ही सेवा सरकारने आपल्या हाती घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. एवढी वर्षं रात्री-अपरात्री धावत जाणारे लोक स्वयंसेवी संस्थांचे होते. कुठल्या पुलाखाली कोण झोपतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. ती ओळख फाइलबरोबर हस्तांतरित होत नाही, आणि माझी काळजी नेमकी तीच आहे.