सही आज की थोडं थांबून? : पेनसिल्व्हेनियातल्या गॅस-पट्ट्यांची पार्श्वभूमी

आपल्याकडे स्वतःच्या शेतातला मुरूम विकायचा तर शेतकऱ्यालाच तहसील कचेरीत स्वामित्वधन भरावं लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिज सरकारचं. सातबारा तुमच्या नावावर असला तरी हक्क वरच्या मातीचा. अमेरिकेत खासगी जमिनीखालचं तेल आणि गॅस मुळात जमीनमालकाचं असतं. तो हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकताही येतो. त्यामुळे विहीर पाडायची तर कंपनीला मालकाच्या सहीचा भाडेपट्टा आधी लागतो. ही सही कधी करावी, हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यांना दीडशेहून अधिक वर्षं पडत आला आहे.

२७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलजवळ एडविन ड्रेकच्या विहिरीत ६९.५ फुटांवर तेल लागलं आणि ऑइल क्रीकच्या खोऱ्यातल्या ओसाड शेतांना भाव आला. सहा वर्षांनी जवळच्याच पिटहोलमध्ये एका शेतावर काही महिन्यांत हजारोंचं शहर उभं राहिलं. विहिरी आटल्यावर तितक्याच वेगाने ते रिकामं झालं; १८७८ मध्ये शहराची ती जागा ४.३७ डॉलरला गेली. तेलाच्या त्या भागातल्या घरांनी तेव्हा एक धडा घेतला: भाव आला की विकून मोकळं व्हा.

त्याला कायद्यानेही हातभार लावला. १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल-गॅसची तुलना रानातल्या मोकाट जनावराशी केली. जो पकडेल त्याचं. शेजाऱ्याने बांधालगत विहीर पाडली आणि तुमच्याखालचा गॅस ओढून नेला, तरी दाद मागता येत नाही. म्हणजे जो थांबला तो बुडाला. वाळूच्या सच्छिद्र थरांतल्या गॅसबाबत ही भीती खरीच होती. शेल हा खडक वेगळा. त्याची छिद्रं इतकी बारीक की फोडल्याशिवाय त्यातला गॅस जागचा हलत नाही. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने जुना नियम फ्रॅकिंगलाही (दाबाने पाणी सोडून खडक फोडण्यालाही) लागू असल्याचं सांगितलं खरं, पण राज्याखालच्या मार्सेलस या शेलच्या थरात सही न केलेल्या मालकाखालचा गॅस दूरच्या विहिरीकडे आपसूक वाहत जात नाही. थांबण्याची किंमत इथे पूर्वीपेक्षा बरीच कमी आहे. आजोबांकडून ऐकलेला धडा घेऊन घाईने सही करणाऱ्यांना हा फरक कोणी सांगितला नव्हता.

पट्ट्याची रचना समजली की बाकीचं समजतं. त्याला दोन मुदती असतात. पहिली ठरावीक, मार्सेलसमध्ये बहुधा पाच वर्षं, आणि कित्येकदा आणखी पाच वर्षं वाढवण्याचा हक्क एकट्या कंपनीकडे. दुसरी मुदत ‘उत्पादन चालू असेपर्यंत’. पहिल्या मुदतीत गॅस निघाला की पट्टा आपोआप दुसऱ्या मुदतीत जातो, आणि मग तो पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. पेनसिल्व्हेनियातल्याच इंडियाना काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) एक पट्टा १९२८ चा होता. १९५९ या एका वर्षात त्यावरच्या विहिरींना सुमारे ४० डॉलर तोटा झाला, म्हणून पट्टा तेव्हाच संपला, असं नंतरच्या मालकाचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये न्यायालयाने ते अमान्य केलं. कंपनीने सचोटीने विहीर चालू ठेवली असेल तर एका वर्षाच्या तोट्याने पट्टा तुटत नाही. असे जुने पट्टे डोक्यावर असलेल्या कित्येक शेतकऱ्यांना शेलची लाट आली तेव्हा सही करायला काही उरलंच नव्हतं. पट्ट्यात खोलीची मर्यादा घातलेली नसेल तर उथळ विहिरीच्या जोरावर खालचा मार्सेलसही कंपनीकडेच राहतो.

ही लाट वॉशिंग्टन काउंटीत सुरू झाली. २००४ मध्ये तिथल्या रेंझ विहिरीत रेंज रिसोर्सेस या कंपनीने मार्सेलसचा थर फोडून पाहिला. त्यानंतर राज्याच्या ईशान्येच्या डोंगराळ भागात कंपन्यांचे लोक घरोघर फिरून एकरी २५ डॉलरला सह्या घेत होते. दूधधंद्यावर कसाबसा संसार चालवणाऱ्याला तेवढेही पैसे आयते मिळाल्यासारखे वाटत. जानेवारी २००८ मध्ये टेरी एंगेल्डर आणि गॅरी लॅश या भूशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला: मार्सेलसमध्ये सुमारे ५०० लाख कोटी घनफूट गॅस असावा आणि त्यातला दहावा भाग काढता यावा. त्याच उन्हाळ्यात गॅसचा घाऊक दर साधारण हजार घनफुटांना १२ डॉलरच्या वर होता. सहीचा बोनस, म्हणजे सही करताना मिळणारी एकरकमी रक्कम, काही महिन्यांत एकरी अडीच हजारांच्या घरात गेला. एकाच रस्त्यावर, एका बांधाच्या अल्याड २५ आणि पल्याड २,५००. त्यातून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत आलेला कडवटपणा अजून ओसरलेला नाही.

मग आर्थिक पडझड आली. बोनस पुष्कळदा ड्राफ्टने दिला जाई. आपल्या डिमांड ड्राफ्टशी त्याची गल्लत करू नये. तो वटण्यासाठी ३० ते ९० दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात मालकीची कागदपत्रं तपासून कंपनी तो नाकारू शकते. २००८ च्या शेवटी टेक्सस-लुइझियानाकडच्या हेन्सव्हिल या शेलच्या भागात कंपन्यांनी ठरलेल्या सौद्यांतून अंग काढलं. पैसे हातात पडण्याआधी पट्टा नोंदवू द्यायचा नाही, ही अट वकील तेव्हापासून आग्रहाने घालतात.

पेनसिल्व्हेनियात मात्र काहींना थांबणं फळलं, कारण ते एकटे थांबले नाहीत. सस्क्वेहाना काउंटीतल्या फ्रेंड्सव्हिल भागातल्या मालकांनी एकरं एकत्र केली, एकच करारनामा तयार केला आणि २००९ मध्ये एकरी ५,५०० डॉलर आणि २० टक्के रॉयल्टी (निघालेल्या गॅसच्या किमतीतला वाटा) मिळवली.

तिथून काही मैलांवर न्यूयॉर्क राज्याची हद्द लागते. खडक तोच. हद्दीपलीकडे डिपॉझिट नावाच्या गावाभोवतीच्या मालकांच्या गटाने २००८ मध्येच एकरी २,४११ डॉलरवर सही केली. बाकीचे आणखी चांगल्या भावासाठी थांबले. त्या जुलैत राज्याने पर्यावरण अभ्यासाचं कारण देऊन फ्रॅकिंगचे परवाने अडवले, डिसेंबर २०१४ मध्ये त्यावर बंदी जाहीर झाली आणि २०२० मध्ये ती कायद्यात गेली. थांबलेल्यांच्या हाती काहीच आलं नाही. उलट जुन्या, स्वस्त पट्ट्यांत अडकलेल्या न्यूयॉर्कमधल्याच तिओगा काउंटीतल्या मालकांना बंदीतच सुटका मिळाली. सरकारी अडवणुकीमुळे पहिली मुदत लांबते, हा कंपनीचा दावा न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला.

मला या सगळ्यात बोनसपेक्षा मुदतीचं घड्याळ महत्त्वाचं वाटतं. २००५–०८ मधले पाच वर्षांचे पट्टे २०१०–१३ मध्ये संपत होते. पट्टा हातातून जाऊ नये म्हणून कंपन्यांनी दर पडत असतानाही विहिरी पाडल्या, गॅस तुंबला आणि एप्रिल २०१२ मध्ये दर २ डॉलरच्या खाली गेला. शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येते. म्हणजे मालकाचा सगळ्यात भरघोस गॅस सगळ्यात पडलेल्या दराने विकला गेला.

टक्क्यांचा हिशेब साधा आहे. विहिरीसाठी एकत्र केलेल्या ६४० एकरांच्या गटात तुमचे १०० एकर आणि रॉयल्टी साडेबारा टक्के, तर तुमचा वाटा १०० भागिले ६४० गुणिले ०.१२५, म्हणजे ०.०१९५. विहिरीतून रोज ५० लाख घनफूट गॅस निघाला आणि हजार घनफुटाला ३ डॉलर दर असला, तर दिवसाला सुमारे २९३ डॉलर. २० टक्क्यांनी तेच ४६९ होतात. पण हे कपातीआधीचे आकडे. १९७९ च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियात किमान साडेबारा टक्के बांधून दिले; २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं की गॅस दाबून, वाळवून, वाहून नेण्याचा खर्च आधी वजा करून त्यावर टक्के मोजले तरी चालतील. दर पडलेल्या महिन्यांत ही वजावट रॉयल्टीचा मोठा घास घेते. ‘खर्च वजा न करता’ हे शब्द पट्ट्यात स्पष्ट नसतील तर नंतर भांडून उपयोग होत नाही.

दुसरी मेख एकरांची. ३०० एकरांच्या मालकाचे ४० एकर विहिरीच्या गटात गेले, तर साध्या छापील पट्ट्यात उरलेले २६० ही अडकून राहतात. यावरचा उपाय लुइझियानातल्या पग नावाच्या वकिलाने १९४७ मध्ये काढला. त्याच्या नावाच्या कलमाने गटाबाहेरची जमीन पहिल्या मुदतीनंतर मोकळी होते. त्याला जोडून खोलीचं कलम घातलं, तर विहिरीच्या तळाखालचे थरही सुटतात.

सहीच केली नाही तर? पेनसिल्व्हेनियाचा १९६१ चा सक्तीने गटात ओढणारा कायदा ओनोंडागा थरापर्यंत जाणाऱ्या विहिरींना लागू होतो, आणि मार्सेलस त्याच्या वर आहे. म्हणून तिथे कंपनीला तुमच्या जमिनीला वळसा घालावा लागतो. तुमची पट्टी गटाच्या मधोमध असेल तर हे तुमचं बळ, कडेला असेल तर तुम्हाला सहज वगळलं जातं. त्यामुळे देकार आला की जाणते लोक आकड्याकडे नंतर वळतात. आधी काउंटीच्या नोंदणी कार्यालयात जाऊन जुना पट्टा जिवंत नाही ना, खनिजाचा हक्क मागच्या कुठल्या खरेदीखतात राखून ठेवलेला नाही ना, आणि शेजाऱ्यांचे पट्टे कोणत्या वर्षी संपतात, हे पाहून येतात. शेजाऱ्यांची मुदत संपायला वर्ष-दीड वर्ष उरलेलं असताना कंपनीला गट पुरा करायची घाई असते, आणि अटी मान्य करून घ्यायला तोच काळ बरा.