चिनी सुई आपल्याकडे कशी आली

ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचून केलेला उपचार, 'पाच हजार वर्षं जुनं' आहे, असं दवाखान्यांच्या पत्रकांत हमखास छापलेलं असतं. परंपरा जुनी आहेच. 1968 मध्ये चीनच्या हबेई प्रांतात लिऊ शेंग या राजपुत्राची कबर सापडली. तो इ.स.पू. 113 मध्ये वारला होता आणि कबरीत सोन्याचांदीच्या सुया होत्या. पण आज रुग्णाला टोचली जाते ती केसासारखी बारीक सुई आणि ती टोचण्याची रीत बरीचशी विसाव्या शतकात घडली आहे, हे रुग्णांना कुणी फारसं सांगत नाही.

अकराव्या शतकात चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबारात वांग वेइयी या वैद्याने माणसाच्या उंचीचे काशाचे पुतळे घडवून घेतले. त्यांच्या अंगावर बिंदूंच्या जागी भोकं होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला वरून मेण फासत आणि आत पाणी भरत. विद्यार्थ्याची सुई नेमकी बिंदूत शिरली की पाणी बाहेर यायचं. याच विद्येवर 1822 मध्ये सम्राटाच्या वैद्यकसंस्थेत बंदी आली. 1930 च्या सुमारास चंग दानआन या चिनी वैद्यांनी बिंदूंच्या जागा आधुनिक शरीररचनाशास्त्राशी पडताळून पाहिल्या आणि बारीक सुयांचा पुरस्कार केला. पुढे माओंच्या राजवटीत या विद्येला सरकारी आश्रय मिळाला, कारण डॉक्टर थोडे होते आणि खेडी अफाट.

भारतातली कथा मला फार जवळची वाटते. 1938 मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि बंगालचे विजयकुमार बसूही. कोटणीस 1942 मध्ये तिथेच गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. बसू परतले, 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात उपचार करू लागले. युद्धात जुळलेल्या मैत्रीतून ही सुई आपल्याकडे आली. महाराष्ट्राने तिच्यासाठी 2015 चा स्वतंत्र कायदाही केला.

अमेरिकेत तिची हवा झाली ती 1971 मध्ये. पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ते सुयांनी बधिर करून झालं, असं अजून सांगितलं जातं. ते चूक आहे. भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती. ऑपरेशननंतर पोट फुगून दुखू लागलं, तेव्हा कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या होत्या.

हा फरक रुग्णाने लक्षात ठेवावा. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी, केमोथेरपीनंतरची मळमळ, इथे काहींना आराम पडतो. मात्र अनेक चाचण्यांत 'चुकीच्या' जागी सुया टोचूनही जवळपास तेवढाच आराम मिळाला आहे. म्हणजे बिंदूंचा नकाशा तितकासा निर्णायक नसावा. कर्करोग किंवा मधुमेह सुयांनी बरा करतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, आणि चालू औषधं मनाने बंद करू नका.

सुई शिरताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. सुया साधारण वीस-तीस मिनिटं ठेवतात. एका बैठकीत फरक पडेलच असं नाही, काही आठवडे यावं लागतं. एखादा काळानिळा डाग उठला तर घाबरू नका. सुयांचं सीलबंद पाकीट समोर फोडायला सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया टोचल्यावर धाप लागली, तर थेट हॉस्पिटल गाठा, फुप्फुसाला इजा झालेली असू शकते.