रांजणाचं पाणी, टाकीचं पाणी आणि ॲक्टिव्हेशन एनर्जी

नवतप्यात आपल्या विदर्भातल्या कोणत्याही गावच्या शाळेत गॅस न पेटवता एक भारी प्रयोग होतो, कारण रांजणातलं पाणी असतं 27 डिग्रीच्या आसपास आणि स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं सहज 47, म्हणजे दोन टेम्परेचर आयतेच मिळून राहिले.

फ्लास्कखाली कागदावर पेनाने फुली काढा, फ्लास्कमध्ये हायपोचं म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण घ्या, त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड टाका अन् घड्याळ लावा. आधी काहीच दिसत नाही, मग हलका निळसर धूर आल्यासारखं होतं, मग गंधकाच्या बारीक कणांनी सगळं दुधाळ पिवळं होत जातं आणि फुली दिसेनाशी होते. सल्फर डायऑक्साइड सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्याच पाहिजेत. दोन्ही द्रावणं मिसळायच्या आधी त्याच पाण्यात ठेवून सारख्या टेम्परेचरला आणायची, अन् थर्मामीटर बादलीत नाही तर फ्लास्कमध्येच बुडवायचा, सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

समजा 27 डिग्रीला 80 सेकंद लागले आणि 47 ला 24. केल्विनमध्ये हे 300 आणि 320, म्हणजे टेम्परेचर जेमतेम 7 टक्के वाढलं, रेणूंचा सरासरी वेग तर 3 टक्केच, पण रिअ‍ॅक्शन तिप्पटीहून फास्ट! असं कसं?

हे कोडं स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने 1889 मध्ये सोडवलं. रेणू नुसते आदळून भागत नाही, मध्ये ऊर्जेचा एक धुरा आहे आणि तो ओलांडण्याइतकी ताकद असलेलेच पलीकडे जातात. त्या धुऱ्याची उंची म्हणजे ॲक्टिव्हेशन एनर्जी. ती काढायला 80 भागिले 24 चा नॅचरल लॉग घ्या, 1.204 येतो. त्याला 8.314 ने म्हणजे गॅस कॉन्स्टंटने गुणा, मग 1/300 वजा 1/320 म्हणजे 0.000208 ने भागा. उत्तर साधारण 48,000 ज्यूल, म्हणजे 48 किलोज्यूल प्रति मोल.

आता हाच आकडा उलटा लावून पाहा, मला तर हे सगळ्यात सुंदर वाटते: 300 केल्विनला अब्जात चारेक टकरींमध्येच धुरा ओलांडण्याइतकी ऊर्जा असते, 320 ला चौदाएक. सरासरी जवळपास तिथंच, पण वरच्या टोकाची ही मूठभर मंडळी सव्वातीनपटीहून जास्त झाली, अन् फुली लवकर गायब होण्यामागे तीच आहेत.

दोनच रीडिंगवर मात्र भरवसा ठेवू नये, मधली तीन-चार घ्या, वेगाचा (म्हणजे 1 भागिले सेकंदांचा) नॅचरल लॉग उभ्या अक्षावर अन् 1 भागिले केल्विन आडव्यावर मांडा, रेघ सरळ आली तर तिच्या उताराला उणे 8.314 ने गुणलं की तीच एनर्जी मिळते. औषधं 40 डिग्रीला महिनोन्‌महिने ठेवून त्यांची एक्सपायरी आधीच अंदाजतात, त्यामागेही हेच गणित आहे.