मुंबईची लोकल आणि बस: थोड्या खर्चातल्या सुधारणांची पार्श्वभूमी

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास बहुधा मोठ्या टप्प्यांनी सांगितला जातो: १८५३ मधील बोरीबंदर ते ठाणे गाडी, १९२५ मधील विजेवरची लोकल आणि अलीकडच्या मेट्रो मार्गिका. प्रवाशाचा रोजचा त्रास मात्र पुष्कळदा नवे रूळ न टाकता आणि नवी गाडी न घेताही कमी झाला आहे. अशा सुधारणा रखडल्या त्या पैशाअभावी क्वचितच. आपले नियम सैल करण्याची यंत्रणेची तयारी नसणे, हे कारण अधिक वेळा दिसते.

शहरात बससेवा १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली. महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, कुलाबा ते माहीम अशी ‘लिमिटेड’ बस धावू लागली. रस्ता तोच होता, फक्त मधले काही थांबे गाळले होते. लांबच्या प्रवाशाचा वेळ वाचतो हा त्यातला उघड लाभ. पण फेरी लवकर पूर्ण झाल्याने तीच बस आणि तेच चालक-वाहक दिवसभरात अधिक काम करू शकतात, हा लाभ बस चालवणाऱ्या उपक्रमाच्या पदरात पडतो. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली सुरू केलेली महिला विशेष लोकल हाही मुख्यतः वेळापत्रकातलाच बदल होता. पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत नेण्यात आली.

फलाटाच्या उंचीचा प्रश्न मात्र चिघळत गेला. रुळांची देखभाल करताना खडी भरून ते उचलले जातात, त्यामुळे वर्षानुवर्षे गाडी वर सरकते आणि फलाट होता तिथेच राहतो. उंच फलाटासाठी रेल्वेचे प्रमाण ७६० ते ८४० मिलिमीटरचे होते, आणि प्रत्यक्षात अनेक फलाट त्याच्या आतबाहेर होते. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात गाडी आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत पडून एका महाविद्यालयीन तरुणीला दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि फलाट सुमारे ९०० मिलिमीटरपर्यंत उंच करण्याच्या कामाला वेग आला. काम होते फलाटावर काही इंचांचा थर चढवण्याचे. मेट्रोच्या एका किलोमीटरशीही त्याच्या खर्चाची तुलना होणार नाही, तरी ते मार्गी लागण्यास एवढी मोठी दुर्घटना घडावी लागली.

तिकिटाच्या रांगेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पासधारक या रांगेतून सुटलेला असतो; अधूनमधून प्रवास करणाऱ्याचे हाल होतात. त्याच्यासाठी आधी कुपनांची पुस्तिका आली. भाड्याइतकी कुपने गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात घालून स्वतःच छापून घ्यायची, अशी ही सोय होती. त्यात प्रवाशावर विश्वास टाकलेला होता, हे तिचे मोठेपण. यंत्र बंद असले किंवा शिक्का पुसट उमटला तर तिकीट तपासनीसाशी वाद ठरलेला, ही तिची अडचण. पुढे २००७ मध्ये स्मार्ट कार्डावर चालणारी एटीव्हीएम, म्हणजे प्रवाशाने स्वतः तिकीट काढण्याची, यंत्रे बसू लागली आणि २०१५ च्या सुमारास कुपने इतिहासजमा झाली.

डिसेंबर २०१४ मध्ये यूटीएस हे रेल्वेचे तिकीट काढण्याचे मोबाइल ॲप आले, पण त्यावर काढलेले तिकीट सुरुवातीला एटीव्हीएमवर जाऊन छापून घ्यावे लागे. म्हणजे रांग टळली नाही, ती खिडकीसमोरून यंत्रासमोर आली. २०१५ च्या जुलैपासून कागदाविना तिकीट मिळू लागले, तेव्हा एक नवी अट होती: तिकीट काढताना प्रवासी रुळांपासून ठरावीक अंतरावर असला पाहिजे. तपासनीस दिसताच गाडीत बसल्या-बसल्या तिकीट काढण्याची पळवाट बंद करण्यासाठी ही अट होती आणि ती गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु मुंबईतली कित्येक स्थानके दाट वस्तीला अगदी खेटून असल्याने, स्थानकात शिरलेल्या प्रामाणिक प्रवाशालाही तिकिटासाठी माघारी फिरावे लागे. या अटीवरचा तोडगाही स्वस्तातलाच निघाला: स्थानकात क्यूआर कोड चिकटवण्यात आले आणि तो कोड मोबाइलवर टिपून स्थानकातच तिकीट काढण्याची मुभा मिळाली.