स्पॅम फिल्टरची सामाईक वही कुणाच्या नावावर?

जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की निफाड-दिंडोरीच्या पॅकहाउसांइतकीच धावपळ नाशिक शहरातल्या निर्यात कार्यालयांत असते. अशाच एका कार्यालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळत होतो. तिथल्या एक ताई परदेशी खरेदीदारांची पत्रं रोज जंकमधून बाहेर काढत आणि खरा स्पॅम वेगळ्या फोल्डरमध्ये टाकत. रात्री त्या दोन फोल्डरांवरून स्पॅमअसॅसिन या स्पॅम फिल्टरला शिकवायचं काम ठरलेल्या वेळी आपोआप चाले. तीन आठवडे झाले तरी फिल्टर काही शिकेना. शोधल्यावर कळलं ते असं: शिकवणी रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालत होती, त्यामुळे सगळं ज्ञान रूटच्या होम डिरेक्टरीत, म्हणजे त्याच्या खाजगी फोल्डरमध्ये साठत होतं. मेल तपासणारा फिल्टरचा प्रोग्राम, स्पॅमडी, मात्र वेगळ्या खात्याने चालत होता आणि त्याची शिकलेलं नोंदवायची वही कोरी होती. ताईंची मेहनत वाया गेली नव्हती, चुकीच्या कपाटात पडून होती. मला ते फार लागलं.

मग मी दोघांना एकच वही दिली. लगेच लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसू लागलं. घाईघाईत डिरेक्टरीला ट्रिपल सेव्हन, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा देणारा आकडा मारला, फायलीही सगळ्यांना लिहिण्यासाठी खुल्या केल्या. काही दिवस चाललं, पुन्हा बंद पडलं. असं का होतं हे समजून घ्यायला दोन वेगवेगळे इतिहास बघावे लागतात, कारण ही अडचण त्या दोन्हींच्या सांध्यावर बसलेली आहे.

पहिला इतिहास युनिक्सचा. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या या प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात परवानग्या दोघांपुरत्याच होत्या: मालक आणि बाकीचे. गट ही तिसरी पायरी नंतर आली. प्रोग्राम कुणीही चालवला तरी त्याला फायलीच्या मालकाचे अधिकार मिळावेत, ही सेट-यूआयडीची युक्ती रिचींची. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३ चा, मंजुरी १९७९ ची. त्याच १९७९ च्या सातव्या आवृत्तीत यूमास्क आला. नव्या फायलीतून कोणत्या परवानग्या आधीच काढून घ्यायच्या ते तो ठरवतो. या सगळ्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून बदललेली नाही. फाईल जो निर्माण करतो, ती त्याच्या नावावर चढते. सातबारावर नाव लागावं तसं. वापरणारे दहा असले तरी मालकाच्या रकान्यात एकच नाव.

दुसरा इतिहास स्पॅमचा. ३ मे १९७८ ला गॅरी थुर्क यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संगणकांची जाहिरात इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर सुमारे चारशे जणांना पाठवली, तिथून सुरुवात मानतात. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे ही कटकट आपल्या दारात तयार होऊनच आली. जस्टिन मेसन यांनी स्पॅमअसॅसिन एप्रिल २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. मार्क जेफ्टोविक यांच्या जुन्या फिल्टरवरून ते वाढलं होतं आणि सुरुवातीला फक्त नियमांनी गुण देत असे: अमुक शब्द असेल तर इतके, मथळा संशयास्पद असेल तर तितके.

ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी वेगळी वाट लोकांसमोर मांडली. स्पॅमची आणि चांगली अशी सुमारे चार-चार हजार पत्रं घ्यायची, प्रत्येक शब्द कुठे किती वेळा येतो ते मोजायचं आणि थॉमस बेझच्या नियमाने नव्या पत्राची शक्यता काढायची. कल्पना त्याआधीची, १९९८ मध्ये संशोधकांनी ती मांडलेली होती. पण ग्रॅहम यांचा एक आग्रह इथे फार महत्त्वाचा आहे. प्रत्येकाची शब्दांची वही त्याच्या स्वतःच्या मेलवरून बनावी, असं त्यांचं म्हणणं होतं. २००३ मध्ये स्पॅमअसॅसिनच्या २.५० आवृत्तीत बेझ आला तोही याच घडणीचा. वही वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत, आणि परवानगी ०७००. म्हणजे माझं मला, इतरांनी हात लावायचा नाही.

आता एका माणसासाठी बनलेली ही वस्तू पंधरा जणांच्या कार्यालयात आणा. तिथे सामाईक वही ठेवणं चूक नाही, उलट शहाणपणाचं आहे. कंटेनर, रेसिड्यू रिपोर्ट, पॅकहाउस, बिल ऑफ लेडिंग हे शब्द तिथल्या प्रत्येकाच्या पत्रात असतात. शिवाय दोनशे स्पॅम आणि दोनशे चांगली पत्रं शिकल्याशिवाय स्पॅमअसॅसिन बेझचा कौल वापरतच नाही. एकेकट्याने तेवढी पत्रं जमवायची म्हणजे अर्धा हंगाम सरतो.

पण ही वही म्हणजे एक फाईल नव्हे. शब्दांची मोजणी ‘टोक्स’मध्ये, कोणती पत्रं शिकून झाली त्याची नोंद ‘सीन’मध्ये, घाईच्या नोंदी ‘जर्नल’मध्ये आणि शिवाय, एका वेळी एकानेच लिहावं म्हणून, कुलपाची फाईल. कुलूप घालायचं तर डिरेक्टरीतच लिहिता यायला हवं. नुसती टोक्सची परवानगी पुरत नाही. खरी मेख पुढे आहे. शब्दांची संख्या ठरावीक मर्यादेच्या वर गेली, मूळ मांडणीत ती दीड लाख आहे, की जुने शब्द काढायची वेळ येते. तेव्हा स्पॅमअसॅसिन जुनी फाईल पुसत बसत नाही. नवी लिहून काढतो आणि जुनीच्या जागी ठेवतो. नवी फाईल कुणाच्या नावावर? त्या क्षणी जो प्रोग्राम चालवत असेल त्याच्या. आमच्याकडे ती वेळ रात्रीच्या शिकवणीत आली, फाईल रूटच्या नावावर चढली, परवानगी मूळच्या मांडणीप्रमाणे फक्त मालकाला, आणि सकाळी स्पॅमडी दाराबाहेर. सगळ्यांना लिहिण्याची मी दिलेली मुभा जुन्या फायलीबरोबर गेली होती.

ती गेली हे बरंच झालं असं मी आज म्हणतो. सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोग्रामला त्या वहीत लिहिता येत असेल तर कुणीही तिला उलटसुलट शिकवू शकतो. आणि ३.० पूर्वीच्या आवृत्त्यांत तर टोक्समध्ये शब्द उघडे असत, वाचणाऱ्याला कार्यालयाच्या पत्रव्यवहाराचा अंदाज यावा असे. ३.० पासून शब्दाऐवजी त्याच्या हॅशचे, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द थेट वाचता येत नाही अशा खुणेचे, पाच बाइट ठेवले जातात.

जाणत्यांनी काढलेला उपाय गटाचा. दोन्ही खात्यांचा एक गट करायचा, डिरेक्टरीला २७७० द्यायचं, म्हणजे मालकाला आणि गटाला पूर्ण मुभा, बाकीच्यांना काही नाही. सुरुवातीच्या २ मुळे आत जन्मणारी प्रत्येक फाईल डिरेक्टरीचा गट घेते, मालक कुणी का असेना. जोडीला मांडणीत बेझचा फाईल मोड, म्हणजे नव्या फायलींच्या परवानगीचा आकडा, ०७७०. तो ०६६० लिहायचा मोह होतो, पण हाच आकडा डिरेक्टरी बनवतानाही वापरला जातो म्हणून त्यात चालवण्याचा बिट लागतो. फायलींवरून तो आपोआप उतरतो.

दुसरी वाट फाईलच सोडण्याची. ३.० आवृत्तीने २००४ मध्ये वही एसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवायची सोय दिली, २०१४ च्या ३.४.० ने रेडिस या डेटाबेसची. तिथे मालकीचा प्रश्न पासवर्डाचा होतो. मोठ्या सर्व्हरला ते योग्यच, पंधरा जणांसाठी मला ते जड वाटलं.

राहिला एक प्रश्न: शिकवणी मुळात रूटकडे का होती? कारण लोकांचे मेलचे फोल्डर त्यांच्या त्यांच्या नावावर बंद असतात, फिल्टरच्या खात्याला ते उघडता येत नाहीत. म्हणून आम्ही काम वाटून टाकलं. रूट फक्त पत्र वाचतो आणि स्पॅमसी या निरोप्या प्रोग्राममार्फत स्पॅमडीला देतो. वहीत लिहितो तो एकटा स्पॅमडी, त्याच्या एकाच खात्याने. स्पॅमडीला तशी शिकवणी घ्यायची मुभा वेगळी द्यावी लागते, ती दिली. डिरेक्टरी परत ०७०० वर आली. ताईंनी पुन्हा पहिल्यापासून फोल्डर भरायला घेतले आणि दोनशेचा आकडा पार झाल्यावर खरेदीदारांची पत्रं इनबॉक्समध्ये यायला लागली.