बुधवारी रात्रीचं गाणं जवळ यायचं, लांब जायचं

गेल्या दिवाळीत मामा घरी आले होते. त्यांना खूश करावं म्हणून माझ्या मुलीने ‘बहारों फूल बरसाओ’ लावलं. नवा स्पीकर, खरखर काढून स्वच्छ केलेलं गाणं. मामांनी एक कडवं ऐकलं आणि म्हणाले, “गाणं तेच गं, पण हे ते नाही. आमचं जवळ यायचं, लांब जायचं.”

मुलगी हसली. मला मात्र ते वाक्य सोडवेना, कारण मामा भौतिकशास्त्र सांगत होते.

१९६६ हे मामांचं मॅट्रिकचं वर्ष. लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी सांगणाऱ्या ‘बिनाका गीतमाला’ या रेडिओ-कार्यक्रमाच्या त्या वर्षीच्या वार्षिक यादीत हेच गाणं पहिलं आलं. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर (सिलोन म्हणजे आजची श्रीलंका) निवेदक अमीन सयानी खालच्या पायदानापासून, म्हणजे क्रमांकापासून, वर चढत यायचे आणि चाळीतली, वाड्यातली माणसं ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्या दारात जमायची. कार्यक्रम सुरू झाला ३ डिसेंबर १९५२ रोजी. त्याच साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोत्यांनी मुकाट्याने सुई सिलोनकडे फिरवली. गंमत अशी की गीतमाला मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायची. टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून सयानींचा आवाज आकाशमार्गे पुन्हा मुंबईत यायचा.

आकाशमार्गे हे शब्दशः खरं. कोलंबो ते मुंबई अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. जमिनीला धरून चालणारी रेडिओलहर तेवढ्या लांब पोहोचेपर्यंत विरून जाते. सिलोनचं हिंदी प्रसारण शॉर्टवेव्हवर, म्हणजे आखूड लांबीच्या लहरींवर, २५ आणि ४१ मीटरच्या पट्ट्यांवर लागायचं. या लहरी वर जातात. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरच्या थरात असे इलेक्ट्रॉन सर्वांत दाट असतात. त्यांच्यातून जाताना लहर हळूहळू वाकते, वाकत वाकत खाली वळते आणि एका टप्प्यात मुंबईला, नागपूरला, इंदूरला येऊन पडते.

यात रात्री आठची वेळ फार सोयीची. दिवसा ६० ते ९० किलोमीटरवर आणखी एक थर असतो. तिथली हवा तुलनेने दाट असल्यामुळे तो लहरींची ताकद शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर थोड्याच वेळात विरतो आणि वरची वाट मोकळी होते. लोक निवांत व्हायचे आणि आकाशही त्याच सुमाराला निवांत होत असे.

आता मामांचं जवळ-लांब. कोलंबोहून निघालेली लहर एकाच वाटेने येत नाही. एक भाग एका उंचीवरून वळून येतो, दुसरा जरा वेगळ्या उंचीवरून. दोन्ही तुमच्या एरियलवर भेटतात. ४१ मीटरच्या लहरीसाठी दोन वाटांच्या लांबीत अवघा वीसेक मीटरचा फरक पडला, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बसतो आणि दोघी एकमेकींना खोडतात. वरचे थर सतत हलत असतात, म्हणून हा फरक काही सेकंदांत बदलतो. लहरी जुळल्या की रफी खोलीत, खोडल्या की समुद्रापार. कधी कधी फक्त मधली वाहक लहरच (जिच्यावर आवाज बसवून पाठवतात ती) खोडली जाते आणि आवाज घोगरा, फाटल्यासारखा होतो. तेव्हा कुणीतरी उठून रेडिओच्या डोक्यावर थाप मारायचं. थापेचा काही उपयोग नसायचा, पण तोवर आकाश आपणहून सुधारलेलं असायचं आणि श्रेय थापेला मिळायचं.

शिवाय शॉर्टवेव्हवर केंद्रं एकमेकांना खेटून, पाच-पाच किलोहर्ट्झवर (सेकंदाला हजार कंपनं म्हणजे एक किलोहर्ट्झ) बसवलेली असतात. त्यामुळे गाण्यातला साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग आपल्यापर्यंत येतच नसे. शंकर-जयकिशन यांच्या त्या भल्यामोठ्या वाद्यमेळातल्या व्हायोलिनची चकाकी, झांजांची सळसळ तिथेच गळायची. गळ्याचं काम मात्र बहुतेक चार किलोहर्ट्झच्या आतच भागतं आणि आपला कान तर दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत तल्लख. म्हणून एवढ्या मोडतोडीतूनही गायकाचा शब्द न् शब्द कळायचा.

पण त्या दिवशी गाणं ऐकताना मामांचे डोळे पाणावले होते. इतक्या वर्षांनी का? इथे स्मृतीचे अभ्यासक मदतीला येतात, आणि तेसुद्धा अशाच याद्या हातात घेऊन. साप्ताहिक यादी म्हणजे कुठलं गाणं लोकांच्या कानावर कधी पडत होतं याची तारखेनिशी नोंद. अमेरिकेत पेट्र जनाटा यांनी विद्यार्थ्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्या बालपणातल्या आणि किशोरवयातल्या ‘बिलबोर्ड’ या तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतली गाणी ऐकवली. २००९ साली आलेला निष्कर्ष असा, की गाण्यासोबत स्वतःची आठवण जागी झाली तर कपाळामागचा एक भाग अधिक काम करतो. अल्झायमरमध्ये जे भाग उशिरा झिजतात त्यांत हा मोडतो. माणसं, गावं विसरलेली आजी गाणं मात्र पुरं म्हणते, त्याचं एक कारण इथे असावं, असं जनाटा यांनी सुचवलं.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांना २०१३ साली त्यापुढचं काही सापडलं. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातली गाणी आवडणारच, पण आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं जडलेलं होतं. घरात वाजतं ते मुलांत मुरतं. माझ्या मुलीला ‘बहारों’ सुचलं ते उगाच नव्हे.

आता थोडं अप्रिय. पहिलं आलेलं गाणं खरंच सर्वांत चांगलं होतं का? मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली एक झकास प्रयोग मांडला. चौदा हजारांवर लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काहींना फक्त गाणी दाखवली, बाकीच्यांना आठ वेगळ्या गटांत विभागून आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड करून घेतलं तेही दाखवलं. प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर आली. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, रद्दी सहसा वर आली नाही, मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आणि गाणी क्रमवारीने मांडली की वरच्या-खालच्यांतली दरी आणखी रुंदावली.

म्हणजे यादी आवड मोजते आणि मोजता मोजता घडवतेही. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ सालीच दाखवलं होतं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. मग जे गाणं दर बुधवारी, आठवडाभर वाट पाहायला लावून येतं, त्याचं काय सांगावं! वरच्या पायदानावरचं गाणं पुढच्या आठवड्यातही ऐकू येणार, आणखी आवडणार, वरच राहणार. माझ्या मते तरी मधल्या पायदानांवरून घसरलेल्या कित्येक गाण्यांवर त्या काळी अन्याय झाला. मामांना हे अजिबात पटत नाही. “पहिलं ते पहिलंच,” म्हणतात.

जाण्याच्या आदल्या रात्री मुलीने फोनवर खटपट करून गाण्यातला पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग छाटला, मग आवाज हळूहळू कमी-जास्त होईल अशी सोय केली. मामा आडवे पडले होते. कडवं संपायच्या आत उठून बसले.

“खरखर राहिली,” म्हणाले.