डोलकाठीसाठी उंच गेलेलं स्टेशन

मुंबईत ‘सबवे’ म्हटलं की पावसात तुंबणारा अंधेरीचा नाहीतर मिलन सबवे आठवतो. म्हणून न्यूयॉर्कचा सबवेही सगळा जमिनीखालीच असणार, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात त्याचे ४० टक्क्यांच्या आसपास रूळ उघड्यावर आहेत. ब्रुकलिनमधलं स्मिथ–नाईन्थ स्ट्रीट्स स्टेशन तर जमिनीपासून २६.७ मीटर वर आहे. आठ-नऊ मजली इमारतीची गच्चीच म्हणा!

इतक्या वर कशासाठी? खाली गोवानस कालवा आहे. त्यातून उंच डोलकाठ्यांची जहाजं जाता आली पाहिजेत, असा तेव्हा जलवाहतुकीचा नियम होता. खालचा रस्त्याचा पूल जहाजासाठी उचलता येतो. पाठोपाठ धावणाऱ्या गाड्या तशा रोखून धरणं परवडत नाही. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेलं हे स्टेशन म्हणून कायमचंच उंचावर बांधलं.

खरी गंमत आहे ती चढाची. पोलादी रुळावर पोलादी चाकाला अडथळा फार कमी. सपाटीवर १ टन वजन चालतं ठेवायला साधारण २ किलो वजन पेलण्याइतका जोर पुरतो. पण १०० मीटरला ३ मीटर चढ आला की त्यात आणखी ३० किलोंची भर पडते. जोर एकदम सोळापट! शिवाय गुळगुळीत रुळावर पकडही कमी, ओल्या रुळावर तर चाक जागीच फिरतं. पकड ठरते ती मोटारीने फिरणाऱ्या चाकांवर किती वजन आहे त्यावर. इंजिनाच्या गाडीत डबे म्हणजे निव्वळ ओझं. बोरघाटातला चढ ३७ मीटरला १ मीटर. कर्जतला आपण वडा घेतो, तेवढ्यात बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, ती याचसाठी. सबवेत मोटारी डब्यांखालीच असतात, त्यामुळे प्रवाशांचं वजनसुद्धा पकडीच्या कामी येतं.

तरी ३ टक्के चढाने २७ मीटर गाठायला ९०० मीटर लागतातच. म्हणून एकटं स्टेशन उंच करून भागत नाही. आधीच्या कॅरोल स्ट्रीट स्टेशननंतर भुयारातून निघालेली गाडी दीडेक किलोमीटर उन्नत मार्गावरून जाते. पलीकडे पार्क स्लोप या वस्तीत जमीनच वर चढत येते आणि गाडी पुन्हा भुयारात शिरते.

हे ‘जगातलं सर्वांत उंच स्टेशन’ म्हणून मिरवलं जातं. असे दावे पुढे पाठवण्याआधी उंची रस्त्यापासून मोजली की समुद्रसपाटीपासून, एवढं तरी विचारावं.

स्टेशनात रूळ चार, फलाट दोन, तेही कडेला. एफ आणि जी या मार्गांच्या गाड्या कडेच्या रुळांवर थांबतात. मधले दोन जलद गाड्यांचे, त्यांना फलाटच नाही. पोलादी सांगाड्यावरचं काँक्रीट कालांतराने खराब झालं. पाणी झिरपून पोलाद गंजलं की गंज जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. दुरुस्तीसाठी जून २०११ मध्ये बंद केलेलं स्टेशन एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा उघडलं. डोलकाठ्यांचा तो नियम आता उरलेला नाही. प्रवासी मात्र लांबलचक सरकत्या जिन्यांनी अजूनही तितकंच वर चढतात, आणि वर पोचल्यावर त्यांना दूरवर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो.